वेक्सफर्डच्या मास्तरांचं श्रेय कुणाचं?

२००१ साली ओवेन कोल्फर हे नाव जगभर झालं, तेव्हा त्यांची हकीकत सगळीकडे एकाच पद्धतीने सांगितली गेली. आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या वेक्सफर्ड गावातला एक प्राथमिक शिक्षक मुलांसाठी ‘आर्टेमिस फाऊल’ ही अद्भुत कादंबरी लिहितो. लंडनचा बडा प्रकाशक भलीमोठी रक्कम मोजून ती घेतो, हॉलिवूडवाले चित्रपटाचे हक्क उचलतात आणि मास्तर नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक होतात. लॉटरी लागल्याच्या थाटात सांगितली जाणारी ही गोष्ट लोकांना आवडते, कारण तिच्यात कुणावरच कसली जबाबदारी येत नाही. प्रतिभा होती, नशीब होतं, झालं काम.

मला ही मांडणी नुसती अपुरी नव्हे, नुकसानकारक वाटते. एकदा लॉटरी म्हटलं की शाळा, गावचं वाचनालय, छोटा प्रकाशक, लोककथांची दप्तरं आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था हे सगळे हिशेबातून बाद होतात. मग मुलांच्या साहित्यावर सार्वजनिक पैसा कशाला खर्च करायचा, असा प्रश्न आला की ‘चांगलं असेल ते विकलं जाईलच’ हे उत्तर तयार असतं. कोल्फर यांची कारकीर्द सुरुवातीपासून पाहिली, तर हे उत्तर टिकत नाही.

त्यांचा जन्म १९६५चा. वडील बिली कोल्फर प्राथमिक शिक्षक होते आणि आपल्या भागाच्या इतिहासाचा नेटाने अभ्यास करणारे होते. वेक्सफर्ड जिल्ह्यातल्या हूक द्वीपकल्पावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. आई नाटक शिकवायच्या. वेक्सफर्ड हे व्हायकिंगांनी वसवलेलं बंदर. शाळेत इतिहासाच्या तासाला व्हायकिंग आले, तशा या मुलाने त्यांच्यावर कथा लिहायला सुरुवात केली. म्हणजे घरात इतिहास, घरात नाटक आणि वर्गात आपल्याच गावाचा भूतकाळ, इतकं भांडवल प्राथमिक शाळेतच त्यांच्यापाशी होतं. पुढे डब्लिनला शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन ते वेक्सफर्डलाच शिकवायला परतले. १९९२ ते १९९६ या काळात ते आणि त्यांची पत्नी सौदी अरेबिया, ट्युनिशिया आणि इटलीत राहून आले.

पहिली कादंबरी आली १९९८ साली. नायक बेनी हा हर्लिंगवेडा वेक्सफर्डचा पोरगा. (हर्लिंग म्हणजे लाकडी काठी आणि चेंडूचा, आयरिश माणसाच्या रक्तातला मैदानी खेळ.) वडिलांच्या नोकरीपायी तो ट्युनिशियात येऊन पडतो आणि तिथे त्याला ओमर नावाचा अनाथ मुलगा भेटतो. ओमरचं सगळं इंग्रजी टीव्ही पाहून शिकलेलं. मालिकांतली आणि जाहिरातींतली वाक्यं जोडून तो बोलतो, आणि तेवढ्यावर दोघांची घट्ट दोस्ती होते. हे पुस्तक काढलं ते डब्लिनच्या ओब्रायन प्रेसने. १९७४ मध्ये सुरू झालेली ही आयरिश संस्था. वेक्सफर्डच्या बोलीत विनोद करणाऱ्या आणि हर्लिंगच्या बारकाव्यांत रमणाऱ्या अनोळखी शिक्षकाचं हस्तलिखित तेव्हा लंडनमध्ये कुणी शेवटपर्यंत वाचलं असतं, असं मला वाटत नाही. ओब्रायन प्रेसने ते वाचलं, छापलं, पुढच्याच वर्षी बेनीचं दुसरं पुस्तक काढलं, २०००मध्ये आणखी एक कादंबरी काढली आणि अगदी लहान मुलांसाठीची छोटी पुस्तकंही काढली. २००१मध्ये ‘आर्टेमिस फाऊल’ आलं, तेव्हा कोल्फर नवखे नव्हते. चुका करायला, हात बसवायला, आपला वाचक कुठे हसतो आणि कुठे कंटाळतो हे समजून घ्यायला त्यांना काही वर्षं मिळाली होती. त्या वर्षांचा खर्च उचलला शिक्षकाच्या पगाराने आणि एका स्थानिक प्रकाशकाने. लंडनची थैली त्यानंतर उघडली.

या वर्षांत ते रोज मुलांसमोर उभे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलांसाठी लिहिणाऱ्या पुष्कळ मोठ्यांनी मुलांना शेवटचं जवळून पाहिलेलं असतं ते स्वतःच्या बालपणात. शिक्षकाला तशी सवलत नाही. दुपारच्या तासाला गोष्ट वाचून दाखवताना ती कुठे पडली, हे वर्ग तत्क्षणी सांगतो. चुळबुळ सुरू होते, मागच्या बाकावर कुजबुज होते. मुलं भिडेखातर ऐकत नाहीत. कोल्फर यांच्या गद्याला जी चाल आहे, दर दोन पानांनंतर काहीतरी घडतंच, आणि गंभीर प्रसंगातही एखादा चावट शेरा येतो, ती या श्रोत्यांनी लावलेली सवय आहे असं मी समजतो.

आता थोडं मागे जायला हवं, कारण या गोष्टीतलं सगळ्यात मोठं सार्वजनिक काम कोल्फर जन्मण्याच्या बऱ्याच आधी झालं होतं. १९३५मध्ये आयर्लंडने लोकपरंपरा गोळा करण्यासाठी सरकारी आयोग नेमला. देश गरीब होता, स्वतंत्र होऊन जेमतेम तेरा वर्षं झाली होती. या आयोगाने १९३७ ते १९३९ दरम्यान प्राथमिक शाळांना कामाला लावलं. वरच्या वर्गांतल्या, साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी निबंधाच्या तासाऐवजी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडे जायचं आणि त्यांनी सांगितलेलं वहीत उतरवायचं. भुताखेतांच्या, पऱ्यांच्या गोष्टी, झाडपाल्याची औषधं, गडप झालेला खजिना, विहिरींच्या आख्यायिका, पावसाचे ठोकताळे. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,०००च्या आसपास मुलांनी हे काम केलं. काही आयरिश भाषेत, काही इंग्रजीत. आयोगाचा हा संग्रह आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहे. २०१७मध्ये त्याची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली, आणि शाळांच्या वह्या आता कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

कोल्फर यांनी अमुक एका वहीतून अमुक प्रसंग उचलला, असं मला म्हणायचं नाही. मी म्हणतो ते हे, की ज्या देशाने आपल्या बारा वर्षांच्या मुलांना पऱ्यांचे नोंदणीकार केलं, तिथे या पऱ्या अभ्यासकांच्या कपाटात बंद झाल्या नाहीत. त्या शाळेच्या, घराच्या, रोजच्या बोलण्याच्या राहिल्या. म्हणून साठेक वर्षांनी एका शिक्षकाला त्यांच्याशी मोकळेपणाने खेळता आलं, त्यांच्या हातात अणुशक्तीची शस्त्रं देता आली. ‘आर्टेमिस फाऊल’मधले परीलोक माणसांच्या जाचाला कंटाळून भूगर्भात गेले आहेत. तिथे त्यांचं शहर आहे, पोलीस आहेत, कागदपत्रांची कटकट आहे. पृथ्वीच्या पोटातल्या लाव्ह्याच्या लोटांवर स्वार होऊन ते वर येतात, आणि त्यांचं एक द्वार आहे तारा टेकडीपाशी, जिथे आयर्लंडच्या प्राचीन राजांचे अभिषेक होत. आयरिश लोककथांतला लेप्रेकॉन इथे हिरव्या टोपीतला पर्यटकांचा बुटका म्हातारा राहत नाही. ती पोलिसांची टेहळणी तुकडी आहे आणि तिच्यातली पहिली स्त्री अधिकारी कॅप्टन होली शॉर्ट या कथेचं काळीज आहे. तरीही जुने नियम शाबूत आहेत. बोलावल्याशिवाय माणसाच्या घरात शिरता येत नाही. गेलेली जादू परत मिळवायची तर पौर्णिमेच्या रात्री, नदीच्या वळणावरच्या पुरातन ओकखालचं फळ उचलून दुसरीकडे मातीत पुरावं लागतं. परंपरा ज्याच्या अंगवळणी पडलेली असते, तोच तिच्याशी इतकी मस्ती करू शकतो.

आणि नायक? बारा वर्षांचा, अफाट बुद्धीचा, गुन्हेगार घराण्याचा वारस. वडील रशियाच्या उत्तरेकडे बेपत्ता, आई मनाने खचून माडीवरच्या खोलीत पडलेली. हा मुलगा परीलोकांचा गुप्त ग्रंथ मिळवतो, संगणकाच्या साहाय्याने त्याची लिपी फोडतो, होलीला पळवून डांबतो आणि खंडणी मागतो एक टन सोनं. शेवटी त्या सोन्यातलं अर्धं तो आईच्या आजारावरच्या उपायासाठी परत करतो. अर्धंच. हे ‘अर्धं’ मला कादंबरीतलं सगळ्यात धाडसी वाटतं. मुलगा एका रात्रीत गुणी होत नाही. त्याला आई हवी आहे आणि सोनंही हवं आहे. मुलांना हे कळतं, कारण त्यांच्या पोटातही दोन्ही एकाच वेळी असतात. बालसाहित्य म्हणजे संस्कारांची पुडी, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावं. दुष्टपणा करणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून, त्याला लगेच शिक्षा न करता, तो हळूहळू बदलताना पाहणं हे आठ पुस्तकांचं काम झालं. २००१ ते २०१२ अशी अकरा वर्षं. (पहिली तीन माझ्या मते सर्वांत सकस आहेत. पुढे मालिकेची गरज कथेच्या गरजेवर कुरघोडी करताना जाणवते.)

बाजाराने या मुलाचं काय केलं, तेही पाहू. चित्रपटाची बोलणी पुस्तकाच्या जन्माबरोबर सुरू झाली आणि प्रत्यक्ष चित्रपट जून २०२०मध्ये डिस्नेच्या ऑनलाइन सेवेवर आला. दिग्दर्शक केनेथ ब्राना बेलफास्टमध्ये जन्मलेले, पटकथेत आयरिश नाटककार कॉनर मॅकफर्सन यांचा हात, मुख्य भूमिकेत आयरिश मुलगा. माणसं परकी नव्हती. पण पडद्यावरचा आर्टेमिस पळवलेल्या वडिलांना सोडवायला निघालेला चांगला मुलगा होता. सोन्याची हाव गेली, क्रौर्य गेलं आणि त्याबरोबर कथेचा कणाही गेला. समीक्षकांनी चित्रपट जवळपास एकमुखाने नाकारला, पुस्तकावर वाढलेले वाचक चिडले. मुलांच्या साहित्यात सरकार पडलं की ते बोधप्रद आणि मिळमिळीत होतं, अशी भीती नेहमी घातली जाते. इथे काय दिसलं? गुन्हेगार नायक ज्या देशाच्या सार्वजनिक शाळांत शिकवणाऱ्या माणसाने लिहिला, त्याच देशाच्या सरकारी कला मंडळाने पुढे त्या माणसाचा सन्मान केला. नायकाला धुऊन पुसून सोज्ज्वळ केलं ते सगळ्या जगातल्या सगळ्या पालकांना एकाच वेळी खूश ठेवू पाहणाऱ्या कंपनीने.

यावर रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. आयरिश सरकारचा इतिहास साहित्याच्या बाबतीत सौम्य नाही. १९२९च्या प्रकाशन नियंत्रण कायद्याखाली तिथल्या सेन्सॉर मंडळाने स्वतःच्याच देशातल्या उत्तमोत्तम लेखकांच्या पुस्तकांवर बंदी घातली. एडना ओब्रायन यांची १९६०मधली पहिली कादंबरीही त्यातून सुटली नाही. लोककथा जमवणारं सरकार आणि कादंबऱ्या बंद करणारं सरकार एकच होतं. त्यामुळे सरकारने साहित्यात यावं की नाही, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कुठल्या वाटेने यावं, हा खरा प्रश्न आहे. काय लिहावं हे ठरवायला आलं तर घात. लिहिणाऱ्याला वेळ आणि वाचणाऱ्याला पुस्तक मिळावं म्हणून आलं तर स्वागत. १९५१मध्ये स्थापन झालेलं आयरिश कला मंडळ सरकारच्या पैशावर चालतं, पण कलेविषयीचे निर्णय मंत्र्याच्या टेबलावर होत नाहीत. ही व्यवस्था त्यांनी ठेचा खाऊन उभी केली.

दुसरं उदाहरण करांचं. १९६९मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी लेखक-कलावंतांच्या सर्जनशील कामातून होणारं उत्पन्न करमुक्त केलं. जगभर त्याचं कौतुक झालं. पण करमाफी कुणाच्या कामी येते? ज्याला उत्पन्न आहे त्याच्या. मोठ्या कमाईच्या कलावंतांना अमर्याद सूट कशाला, म्हणून २००७मध्ये तिच्यावर अडीच लाख युरोची मर्यादा घातली गेली, आज ती ५०,००० युरो आहे. शाळेत शिकवून रात्री पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला या सवलतीचा काडीचा उपयोग नव्हता. २०२२मध्ये आयर्लंडने वेगळा प्रयोग केला. २,००० कलावंतांना, सोडत काढून, दर आठवड्याला ३२५ युरो मूलभूत उत्पन्न दिलं. काय लिहिता, किती खपतं, असा प्रश्न नाही. मला हा मार्ग करमाफीपेक्षा कितीतरी पटीने शहाणपणाचा वाटतो, कारण तो यशाच्या आधी पोहोचतो.

मुलांच्या साहित्यासाठी मात्र या दोन्हींहून मोलाची गोष्ट त्यांनी २०१०मध्ये सुरू केली, ती म्हणजे ‘लॉरिएट ना नोग’, बालसाहित्याच्या राष्ट्रीय लेखकाचं पद. पहिल्या मानकरी शिव्हॉन पार्किन्सन, मग चित्रकार-लेखिका नीव्ह शार्की, आणि २०१४ ते २०१६ ओवेन कोल्फर. हा माणूस तोवर जगप्रसिद्ध आणि सुखवस्तू होता. डग्लस ॲडम्स यांच्या गाजलेल्या विज्ञानविनोदी मालिकेचा पुढचा भाग ॲडम्स यांच्या पत्नीच्या संमतीने लिहून झाला होता. त्याला सन्मानाची गरज नव्हती. पण पद म्हणजे काम असतं. कोल्फर यांनी आपल्या कारकिर्दीसाठी ‘एके ठिकाणी’ अशा अर्थाचं सूत्र घेतलं. गोष्टी जागांना चिकटलेल्या असतात, तेव्हा त्या जागांवर जाऊन मुलांना सांगायच्या. त्याच सूत्रावर आयरिश लेखक-कवींच्या कथाकवितांचा एक संग्रह त्यांनी संपादित केला, पी. जे. लिंच यांनी तो चितारला आणि तो छापला लिटल आयलंड या छोट्या आयरिश प्रकाशनाने. लंडनच्या प्रकाशकाला तो सहज देता आला असता. ज्या प्रकारच्या प्रकाशकाने आपल्याला पहिली संधी दिली, त्या प्रकारच्या प्रकाशकाकडे हे नाव पुन्हा गेलं, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

योगायोगाने २०१०मध्येच आपल्या साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार सुरू केले. मराठीसह प्रत्येक भाषेत दरवर्षी एक, रक्कम ५०,००० रुपये. पुरस्कार हवेतच. पण पुरस्काराचा दिवस संपला की लेखक घरी जातो आणि मुलं जिथे होती तिथेच राहतात. पद दोन-तीन वर्षं टिकतं, त्याला प्रवासखर्च असतो, कार्यक्रम असतो, शाळांना पत्र जातं. गडचिरोलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या मुलाने लिहिता लेखक समोर बसून पाहावा, त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारावेत, याची व्यवस्था कुणी एकाने केल्याशिवाय होत नाही. आयर्लंडमध्ये पोएट्री आयर्लंड ही संस्था लेखकांना शाळांत पाठवते. मानधनाचा काही भाग शाळा देते, उरलेला योजना देते. यात न समजण्यासारखं किंवा न परवडण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत होते. समोरच्या मुलांसाठी लिहिणारा शिक्षक हा आपलाही जुना माणूस आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून चालू आहे आणि सार्वजनिक संस्थेचं असल्यामुळेच ते सामान्य घराला परवडतं. पण एक फरक मान्य करायला हवा. कोल्फर इंग्रजीत लिहितात. ओब्रायन प्रेसनंतर त्यांना लंडनचा दरवाजा होता. मराठी शिक्षकाला तसा दुसरा दरवाजा नाही. त्याची तुलना खरं तर आयरिश भाषेत लिहिणाऱ्या बाललेखकाशी व्हायला हवी, ज्याचा बाजार मराठीपेक्षाही कितीतरी लहान आहे. तिथे हे काम १९२०च्या दशकापासून ‘अन गूम’ ही सरकारी प्रकाशनसंस्था करते. मुलांची पुस्तकं, भाषांतरं, पाठ्यपुस्तकं. २०२०मध्ये लॉरिएटचं पद प्रथमच आयरिश भाषेत लिहिणाऱ्या आन्या नी ग्लिन यांच्याकडे गेलं. बाजार जितका लहान, तितकी सार्वजनिक आधाराची गरज मोठी, हे त्या देशाने कृतीने मान्य केलं आहे. दहा कोटींच्या आसपास माणसं जी भाषा बोलतात, तिच्यात मुलांचं पुस्तक काढणारा प्रकाशक पाचशे-हजार प्रती काढतानाही बिचकतो, याचा दोष वाचकांवर ढकलून आपण मोकळे होतो.

कोल्फर यांचं अलीकडचं जे काम मला सर्वाधिक आवडतं, त्यात परी नाही. २०१७ची, अँड्र्यू डॉन्किन यांच्याबरोबर लिहिलेली आणि जोव्हानी रिगानो यांनी चितारलेली ती चित्रकादंबरी एबो नावाच्या आफ्रिकन मुलाची आहे. सहारा ओलांडून, मग रबरी होडीतून भूमध्य समुद्रात. तोही बारा वर्षांचाच. युरोपात निर्वासितांविरुद्ध वातावरण तापलेलं असताना हे पुस्तक काढणं सोपं नव्हतं. पण त्याच्या सुमारे वीस वर्षं आधी ट्युनिशियातल्या ओमरवर पहिलं पुस्तक लिहिणारा शिक्षक त्या किनाऱ्याला अनोळखी नव्हता.

महाराष्ट्रापुरतं मला एक मागणं मांडायचं आहे आणि ते खर्चिक नाही. पाचवी ते आठवीच्या निबंधाच्या तासांपैकी वर्षातले काही तास शाळांनी मुलांना घरच्या-गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडावेत. अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत, गोंडीत, कोकणीत, जे ऐकलं ते त्याच बोलीत लिहू द्यावं, शुद्धलेखनाची लाल शाई त्यावर फिरवू नये. आसरा, मुंज्या, वेताळ, गावच्या बारवेची गोष्ट, दुष्काळातल्या आठवणी, सगळं चालेल. वह्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात जमा व्हाव्यात, बालभारतीने किंवा एखाद्या विद्यापीठाने त्यांची छायाचित्रं काढून सर्वांसाठी खुली करावीत. सुरुवातीला एकच जिल्हा घेतला तरी चालेल. शिक्षकांवर आणखी एक अहवाल लादला जाणार असेल तर हा उपक्रम पहिल्याच वर्षी मरेल, म्हणून तपासणी, गुण आणि स्पर्धा यांपासून तो कटाक्षाने लांब ठेवावा लागेल.